सहीसकट मत

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी घरचे म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. मोठेपणी लोक म्हणायला लागले, याच्या डोक्यालाही आहे. अडतीस साली मी नाशकात एका साप्ताहिकाच्या छापखान्यात प्रुफं तपासत होतो. वय तेवीस. प्रुफं तपासायला बैठक लागते, आणि ती माझ्याकडे औषधालाही नव्हती. दोन कॉलम झाले की मी उठायचो, रविवार कारंज्यापर्यंत जाऊन यायचो, खिळे जुळवणाऱ्यांशी उगाच हुज्जत घालायचो आणि मग परत येऊन बसायचो. माझ्या नजरेतून चुका सुटत, त्या बहुतेक तिसऱ्या कॉलमातल्या.

मुंबईत लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ येऊन वर्ष उलटलं होतं. मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा मुख्य प्रधान म्हणत. हॉटेलात, गोदेच्या घाटावर, न्हाव्याकडे, जिथं चार डोकी जमत तिथं त्यांच्या कारभाराचा पंचनामा चाले. कुणी म्हणे रामराज्य आलं, कुणी म्हणे खुर्ची तीच, नुसती टोपी बदलली. आमचे संपादक हे सगळं ऐकत आणि तळमळत. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं की परदेशातली वर्तमानपत्रं लोकांना कार्डं वाटून त्यांची मतं विचारतात आणि मोजून छापतात. "आपण का नाही?" ते म्हणाले. "निवडणुकीत ज्याच्याकडे मत आहे तोच काय तो बोलतो. आपण सगळ्यांना विचारू."

कार्डावर दोनच प्रश्न होते. मुख्य प्रधानांचा कारभार कसा वाटतो? सरकारचं तुमच्या भागातलं काम कसं आहे? पुढे चांगलं, बरं, वाईट, यांतल्या एकावर खूण करायची. खाली शेऱ्याला चार ओळी. नाव लिहायचं नाही, यावर संपादकांचा फार कटाक्ष होता. नाव नसेल तरच माणूस खरं बोलतो, असं त्या मासिकात म्हटलं होतं. बिस्किटाच्या एका डब्याला वर फट पाडून तो त्यांनी माझ्या हाती दिला, आणि पिंपळगाव बसवंत, वणी, कळवण असा दौरा आखून दिला. फिरायला मिळतंय म्हणून मी इतका खूश झालो की बाकी कसला विचारच केला नाही. या कामात एका बाईंची नोकरी आणि राहत्या दोन खोल्या पणाला लागल्या, आणि त्या मी लावल्या. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आडून आडून बोलतोय.

पिंपळगावला बाजाराचा दिवस गाठला. कांद्याच्या गाड्या सोडलेल्या, बैल बाजूला बांधलेले, मधोमध मी डबा घेऊन उभा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी प्रश्न वाचून दाखवत होतो. पहिल्याच शेतकऱ्याने 'चांगलं'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "अंगठा कुठं करू?"

"अंगठा नको. नावही नको. गुपित आहे."

तो दोन पावलं मागे सरकला. "निनावी? मंग नको मला तुमचं कारड. निनावी कागद करायला मी काय कुनाच्या वाईटावर हाय?"

आजूबाजूचे चार जण लगेच त्याच्या बाजूचे झाले. मला आधी राग आला आणि मग उलगडा झाला. आमच्या भागात निनावी अर्ज ही एक पीडाच होती. पाटलाशी वाकडं आलं, मास्तरांनी पोराला बदडलं, भावकीत बांध सरकला, की कुणीतरी अक्षर बदलून अर्ज लिहायचा आणि टपालाने साहेबाकडे पाठवायचा. खाली सहीच्या जागी 'गावचा एक हितचिंतक'. मग चौकशी. प्रत्येक गावात कुणी ना कुणी त्यात पोळलेला. त्यामुळे ज्याच्या खाली नाव नाही तो कागद म्हणजे चहाडी, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं. संपादकांना ज्यात खरेपणा दिसत होता त्यात या लोकांना घाण दिसत होती, आणि मला वाटतं दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

शेवटी मी तोडगा काढला. कार्डाच्या तळाशी सही करा, अंगठा करा, गाव-धंदा काय तो लिहा. नाशकाला गेल्यावर ती पट्टी मी कात्रीने कापून टाकीन. मग अडतीच्या दुकानातून शाईचा पॅड आला आणि रांग लागली. एका अडत्याने सही करण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाकीच्यांनी काय लिवलं? माझं बी तेच लिवा." संध्याकाळपर्यंत डबा भरला आणि जवळजवळ सगळं 'चांगलं'. स्वतःचं नाव घालून सरकारला वाईट कोण म्हणणार? याच माणसांनी तासाभरापूर्वी माझ्यादेखत मुख्य प्रधानांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता. मला अशी चीड आली की मी एका गाडीच्या चाकाला लाथ घातली. लागलं मलाच.

वणीला तीच तऱ्हा. देवीला आलेले यात्रेकरू, दुकानदार, विणकर, सगळे सहीवर अडले, आणि सगळे 'चांगलं'. दुसऱ्या दिवशी मी कळवणची सर्व्हिस मोटार पकडली. वाटेत एका गावाला मोटार इंजिनात पाणी भरायला थांबे. त्या गावाचं नाव घालत नाही. तिथं एक लहान सरकारी दवाखाना होता. माणसं तीन: एक डॉक्टर, ते आठवड्यातून दोनदा येत, एक तरुण कंपाउंडर, आणि एक नर्सबाई.

बाई चाळिशीच्या, पुण्यात शिकलेल्या, विधवा. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. भादव्यात त्या डोंगरपट्ट्यात हिवतापाने घरंच्या घरं आडवी होत. त्यावर औषध एकच, कोयनेल म्हणजे क्विनीन, आणि तेच दवाखान्यात नव्हतं. ओट्यावर माणसं घोंगड्या पांघरून कुडकुडत बसली होती आणि बाई एकेकाचा हात हातात घेऊन सांगत होत्या, "गरम पाणी प्या, पांघरून पडा. कोयनेल आलं की सांगावा धाडते." मला बघून म्हणाल्या, "ताप असेल तर रांगेत बसा."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी हात धुतले, पुसले, उभ्याउभ्या कार्ड वाचलं. पहिल्या प्रश्नापुढे 'चांगलं'वर खूण केली, दुसऱ्यापुढे 'वाईट'वर. तीन दिवसांत दिसलेलं ते पहिलं 'वाईट' होतं. माझा आनंद माझ्या तोंडावर दिसला असणार. मग शेऱ्यात त्यांनी लिहिलं ते मला अजून पाठ आहे: 'मुख्य प्रधान सज्जन आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्या सज्जनपणाने ताप उतरत नाही. कोयनेलसाठी या दवाखान्याने पावसाळ्याआधीपासून पत्रे पाठविली. उत्तर आले की पत्र योग्य नमुन्यात नाही.' खाली ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव, हुद्दा आणि दवाखाना.

"बाई, तुम्ही सरकारी नोकर," मी म्हणालो. "पण घाबरू नका. हे नाव मी कापून टाकणार आहे."

"कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांमागे माझ्यावर एक अर्ज आला होता. म्हणे ही बाळंतिणींकडून लुगडी घेते, नको त्या वेळी नको त्या घरी जाते. बाळंतपणं काय चहाच्या वेळेला होतात? साहेबांनी तो कागद हातात धरून मला सगळ्यांसमोर उभं केलं. कुणी लिहिलाय विचारलं, तर खाली नावच नाही. सांगा, भांडू कुणाशी? तेव्हापासून ठरवलंय, मी लिहीन त्याखाली माझं नाव असेल. छापायचं तर नावासकट छापा. नाहीतर छापू नका."

"आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर या खोल्याही जातील. भावाच्या दारात जाऊन पडावं लागेल, आणि भावजय चार दिवसांत माझा जीव नकोसा करून सोडील. सगळं माहीत आहे मला. कबूल आहे का, तेवढं बोला."

बाहेर मोटारवाला भोंगा वाजवत होता. माझा एक पाय आधीच दाराबाहेर होता. "कबूल," मी म्हणालो आणि पळत सुटलो.

कळवणला एका म्हाताऱ्याने तेवढी करमणूक केली. सरकार कसं आहे विचारल्यावर तो अहिराणीत म्हणाला, "चांगलं शे," म्हणजे चांगलं आहे. मग डब्याच्या फटीत डोळा लावून बघत म्हणाला, "पन शे कोठे?" हे मी शेऱ्यात लिहू का विचारलं तर तो उठून चालता झाला.

नाशकाला आल्यावर मी आणि संपादक कार्डं मांडून बसलो. म्हणजे ते बसले. मी येरझाऱ्या घालत एकेक पट्टी कापत होतो. गठ्ठा संपायच्या आतच त्यांचा चेहरा उतरला. "हे मत नव्हे," ते म्हणाले. "लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालं विचारल्यावर लोक जे सांगतात ना, ते हे." तेव्हा मी खिशातून बाईंचं कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचलं. ते खुर्चीतून उठलेच.

मी अटही सांगितली. ती सांगितली नाही असं कुणी म्हणू नये.

"अरे वेड्या, नाव छापलं तर तिची नोकरी जाईल," ते म्हणाले. "तिला शौर्य करायचंय, ठीक आहे. तिला जपायचं काम आपलं. नाव काप, मजकूर घाल."

"बाई म्हणाल्या, नावासकट, नाहीतर नाही."

"म्हणू दे. पुढे आपले उपकार मानेल."

त्यांचं मला पटलं, असं लिहायला आवडलं असतं. खरं असं की बाकीचा सगळा ढीग मिळमिळीत होता, तो मी पायपीट करून गोळा केला होता, आणि त्यातला एवढा एक तिखट मजकूर छापून आला तर माझ्या दौऱ्याचं नाव होणार होतं. कात्री हातात होतीच. बाईंच्या सहीची पट्टी बाकीच्या पट्ट्यांबरोबर छापखान्याच्या बंबात गेली. त्या दिवशी मला बाईंना वाचवल्याचं समाधानसुद्धा वाटलं. माणूस स्वतःला किती सहज फसवतो!

मजकूर आला तो असा: 'वणी-कळवण रस्त्यावरील एका सरकारी दवाखान्यातील नोकराचे मत'. प्रूफ मीच तपासलं. त्यातली कोयनेलची मात्राही सुधारली. त्या रस्त्यावर सरकारी दवाखाना एकच आहे आणि त्यात नोकर तीनच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मजकूर तिसऱ्या कॉलमात होता.

दहाएक दिवसांनी त्या रस्त्यावरचा मोटारवाला छापखान्यात आला. आमच्या अंकांचे गठ्ठे तोच नेत असे. "तुमच्या पेपरानं त्या कंपाउंडरचं पार वाटोळं केलं," तो म्हणाला. "जिल्ह्याचा साहेब आला चौकशीला. कंपाउंडर हाटेलात बसून लय बोलायचा ना सरकारवर, म्हनून त्याच्यावरच घातलं. सुरगाण्याकडं बदली. बायकोला नववा महिना लागल्याला."

"आणि नर्सबाई?"

"त्या वरडून सांगत्यात, मी लिवलं म्हनून. कोन ऐकतंय?"

मी दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोटारीने निघालो. दिंडोरीच्या पुढे ओढ्याला पाणी आलं होतं आणि मोटार दोन तास अलीकडे उभी राहिली. लोक उतरून विड्या ओढत बसले. मी पाण्यात काठी खुपसून खोली बघत होतो, पुन्हा वर येत होतो, पुन्हा खाली जात होतो. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही फिरल्यानं पानी उतरायचं नाय." मी त्याच्यावर खेकसलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

बाई ओट्यावरच होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. निनावीवाले आले." आवाज चढला नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली.

"साहेबांना मी सांगितलं, हे माझं," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, बाई, त्याच्या बायकोची दया येऊन तुम्ही आळ अंगावर घेताय. तुमचं आहे तर खाली नाव कुठंय? मी काय दाखवू? तो पोरगा घरात डोकं धरून बसलाय. त्याच्या बायकोचा पाय आत्ताच सुजलाय, तिला सुरगाण्याच्या रस्त्याने हलवली तर ती वाटेतच अडेल. ज्याने माझ्यावर तो अर्ज केला, त्याने निदान खोटं तरी लिहिलं होतं. तुम्ही माझं खरं नेलंत आणि त्याचा निनावी अर्ज केलात."

मी ओट्याची पायरी उतरलो, पुन्हा चढलो.

"ती कापलेली पट्टी द्या."

"जाळली," मी म्हणालो. "छापून झाल्यावर कार्डंही."

"मग तुम्ही चला."

साहेबांचा मुक्काम वणीच्या डाक बंगल्यात होता. आम्ही चालत निघालो. बाई छत्री टेकवत आपल्या एका चालीने येत होत्या. मी पुढे जायचो, थांबायचो, परत मागे यायचो. वाटेत मी म्हणालो, "मी सांगतो, हे संपादकांनी मनानेच रचलं. तुमचीही नोकरी राहील, त्याचीही राहील."

त्या थांबल्या. मला वाटलं, विचार करताहेत. बहुधा करतही होत्या, कारण त्यांनी एकदा मागे वळून दवाखान्याच्या दिशेला पाहिलं. "आणि कोयनेलचं?" त्या म्हणाल्या. "तेही मग रचलेलंच ठरेल." आणि चालायला लागल्या.

साहेब वाईट माणूस नव्हता. मी सगळं सांगितलं: मजकूर बाईंचा, खाली सही होती, ती मी माझ्या हाताने कापली. त्याने बाईंपुढे कोरा कागद सरकवला आणि तोच मजकूर लिहायला सांगितलं. बाईंनी चारही ओळी शब्दाचा फरक न करता लिहिल्या आणि खाली पूर्ण नाव घातलं. साहेबाने कागद अंकाशेजारी ठेवून दोनदा वाचला. "मला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, बाई," तो म्हणाला. "पण आता माझाही इलाज नाही. सरकारी नोकराने वर्तमानपत्रात लिहायचं नाही."

कंपाउंडरची बदली रद्द झाली. बाईंना खोल्या रिकाम्या करायला आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांत कंपाउंडरच्या बायकोला मुलगी झाली, ती बाईंच्याच हातावर. कोयनेल मात्र त्या गेल्यानंतर आलं.

त्या निघाल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी, छत्री. मोटार यायला वेळ होता. त्यांनी मला भावाचा पत्ता लिहून दिला. "आता मी नोकरीत नाही," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या संपादकांना कसली भीती? तेच मत पुन्हा छापा, नावासकट. अंक या पत्त्यावर पाठवा. भावजयीला दाखवीन, मी चोरीमारी करून आलेली नाही म्हणून."

या वेळी कुणी भोंगा वाजवत नव्हतं. मी पूर्ण विचार करून कबूल म्हणालो.

संपादकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तो विषय जुना झाला रे. आणि आता ती दवाखान्यात कुठंय? आता ते कुणा एका बाईचं मत." मी भांडलो. आवाज चढवला, प्रुफं आपटली, बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा भांडलो. नोकरी सोडतो म्हणालो नाही. तो शब्द दोनदा ओठांपर्यंत आला होता. पुढचा अंक निघाला, त्याच्या पुढचा निघाला, आणि त्यांतली प्रुफंही मीच तपासली.

महिन्याभराने बाईंचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती: 'अंक अद्याप मिळाला नाही.' खाली तीच ठसठशीत पूर्ण सही.

मी तीन दिवस ते कार्ड खिशात घेऊन गावभर फिरलो. चौथ्या दिवशी पोस्टातच उभ्याने उत्तर लिहिलं: 'आपले मत पुन्हा छापणे शक्य झाले नाही. क्षमा असावी.' पत्ता लिहिला. पेन बराच वेळ तळाशी धरून उभा राहिलो. तिथं नाव घालायला माझा हात धजला नाही. कार्ड तसंच पेटीत टाकलं.